विकलेली मोटारगाडी, तिचा अपघात व जुन्या मालकाची जबाबदारी

कोंकणांतील शेतकऱ्याच्या अंगणांत पूर्वीं बैलगाडी उभी असे. हल्लीं तेथें मोटारसायकल, छोटी मालवाहू गाडी किंवा ट्रॅक्टर उभा दिसतो. महाड व पोलादपूर या दोन तालुक्यांत तर वाहनावांचून व्यवहारच अडतो. भाताचीं पोतीं, आंब्याच्या पेट्या, काजू, खत, बी-बियाणें, हें सर्व मुंबई-गोवा हमरस्त्यानें किंवा घाटवाटांनीं ने-आण करावें लागतें. या वाटा सोप्या नाहींत. पोलादपूरहून महाबळेश्वरास चढणारा आंबेनळी घाट, महाडहून भोरकडे जाणारा वरंधा घाट व खेडच्या अंगास असलेला कशेडी घाट यांची ओळख आमच्या वाचकांस करून देण्याचें कारण नाहीं. २८ जुलै २०१८ रोजीं दापोलीच्या कृषि विद्यापीठाची बस आंबेनळी घाटांत कोसळून तींतील ३१ पैकीं ३० जण दगावले, ही गोष्ट या भागांत कोणीहि विसरलेला नाहीं.

प्रस्तुत लेखाचा विषय घाटांतील सावधगिरी हा नसून त्याहून कमी बोलला जाणारा, परंतु जमीनधारक कुटुंबास तितकाच जड जाणारा असा आहे. बैल विकला, दावें खरेदीदाराच्या हातीं दिलें, पैसे मोजून घेतले कीं आपला त्या बैलाशीं संबंध सुटला. पुढें त्यानें कोणास शिंग मारलें तर तें नव्या धन्यानें पाहावें. मोटारगाडीचें मात्र तसें नाहीं. गाडी दिली, पैसे घेतले, किल्ली हवालीं केली, तरीहि सरकारी दप्तरांत आपलें नांव राहिलें असेल, तर त्या गाडीनें दोन वर्षांनीं परगांवीं केलेल्या अपघाताची भरपाई आपल्या माथीं येऊं शकते. पुष्कळ शहाण्यासुरत्या माणसांसहि हें ठाऊक नसतें.

हा व्यवहार कसा होतो तें पाहूं. समजा, पोलादपूरकडील एका बागायतदारानें आपली जुनी मालवाहू गाडी महाडच्या एका ओळखीच्या गृहस्थास विकली. मुद्रांकाच्या कागदावर करारनामा झाला, त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या, नोटरीचा शिक्का बसला. ‘आजपासून या गाडीची सर्व जबाबदारी घेणाराची राहील,’ असें वाक्यहि त्यांत घातलें. नांव बदलण्याचे कागद मात्र ‘पुढच्या आठवड्यांत पेणला जाऊं तेव्हां करूं’ म्हणून राहिले. पुढचा आठवडा भातलावणीचा निघाला, त्यापुढील गणपतीचा. दरम्यान त्या गृहस्थानें ती गाडी खेडच्या एकास विकली; त्यानें आणखी कोणास. विम्याची मुदत मध्येंच संपली व ती कोणीं वाढविली नाहीं. मग एका पावसाळी संध्याकाळीं ती गाडी कोणा मोटारसायकलस्वारावर जाऊन आदळली व तो जागीं ठार झाला. पोलीसांनीं गाडीचा क्रमांक घेतला, दप्तरांत पाहिलें, आणि नांव निघालें तें आमच्या बागायतदाराचें. मृताच्या वारसांनीं भरपाईचा अर्ज केला, त्यांत चालकाबरोबर प्रतिवादी म्हणून तोच. त्यानें तर ती गाडी दोन वर्षांत पाहिलेलीहि नसते.

आतां कायदा काय म्हणतो तें ध्यानांत घेतलें पाहिजे. या घोटाळ्याचें मूळ असें आहे कीं, येथें दोन निरनिराळे कायदे दोन निरनिराळ्या प्रश्नांचीं उत्तरें देतात, आणि आपण एकाचें उत्तर दुसऱ्यास लावतों.

पहिला प्रश्न विकणारा व घेणारा या दोघांतील. गाडी ही जंगम मालमत्ता असल्यानें तिची विक्री १९३० च्या माल विक्री कायद्यानें होते. उभयपक्षांच्या मनांत मालकी ज्या क्षणीं जावी असें असेल, त्या क्षणीं ती जाते. सामान्यतः पैसे व ताबा यांची देवघेव होतांच व्यवहार पुरा होतो. नोंदणी पुस्तकांत नांव चढलें नाहीं म्हणून विक्री झालीच नाहीं, असें होत नाहीं. करारनाम्यास महत्त्व आहे तें येथपर्यंत.

दुसरा प्रश्न रस्त्यावरील तिऱ्हाइताचा. ज्याचा पाय मोडला किंवा ज्याच्या घरचा कर्ता गेला, त्यानें भरपाई कोणाकडे मागावी? याचें उत्तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत आहे. हा कायदा १ जुलै १९८९ पासून अंमलांत आला. त्याच्या कलम २ च्या पोटकलम ३० मध्यें ‘मालक’ म्हणजे ज्याच्या नांवें वाहन नोंदलेलें आहे ती व्यक्ति, अशी व्याख्या दिली आहे. त्यापूर्वींच्या १९३९ च्या कायद्यांत व्याख्या अशी नव्हती. तींत नोंदणीवरील नांवास हें स्थान दिलेलें नव्हतें. जुन्या कायद्याच्या काळांत गाड्या वापरलेल्या वडीलधाऱ्यांचें ‘गाडी ज्याच्या ताब्यांत, जबाबदारी त्याची’ हें मत कदाचित् त्यामुळेंच अजून ऐकूं येतें. कायदा बदलून पस्तीस वर्षांहून अधिक काळ लोटला, समजूत मात्र जुनीच राहिली.

जमीनधारकांस हें सातबाराच्या उदाहरणानें लवकर उमजेल. मात्र येथें प्रकार उलटा आहे. जमिनीच्या बाबतींत नोंदलेल्या खरेदीखतानें मालकी जाते आणि सातबारावरील नांव ही महसुलाची नोंद असते; विरुद्ध पुरावा येईपर्यंत ती खरी मानतात, पण फेरफार राहिला म्हणून खरेदीखत रद्द होत नाहीं, आणि खरा मालक पुराव्यानें आपला हक्क सिद्ध करूं शकतो. मोटारीच्या बाबतींत तिऱ्हाइतापुरतें दप्तरावरील नांव हेंच निर्णायक. ‘मीं गाडी विकली होती’ हा पुरावा कितीहि खरा असला, तरी जखमीच्या दाव्यास तें उत्तर होत नाहीं.

सर्वोच्च न्यायालयानें हें एकदां नव्हे, अनेकदां सांगितलें आहे. २००१ सालच्या एका निर्णयांत न्यायालयानें म्हटलें कीं, कायद्यानें मालकी गेली असली, तरी दप्तरांत ज्याचें नांव राहिलें तो केवळ तेवढ्यानें तिऱ्हाइताच्या जबाबदारींतून सुटत नाहीं. १२ जानेवारी २०११ रोजीं निकाल लागलेल्या प्रकरणांत एक ट्रक २ फेब्रुवारी १९९३ रोजीं विकला गेला होता. अपघात ७ मे १९९४ रोजीं, म्हणजे सव्वा वर्षानें झाला. नोंदणी व विमा दोन्ही जुन्या मालकाच्याच नांवें होतीं. न्यायालयानें जुना मालकच जबाबदार धरला, व तो जबाबदार म्हणून त्याची विमा कंपनीहि भरपाईस बांधली गेली.

सर्वांत बोधप्रद प्रकरण हरयाणांतील. त्यांत पहिल्या मालकानें १२ जुलै २००७ रोजीं मोटार विकली. ती एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी फिरत गेली, परंतु नांव बदलण्याची तसदी कोणींच घेतली नाहीं. २७ मे २००९ रोजीं ती मागें घेत असतां एक बाई जखमी झाली व तिच्या सोबतचा भाचा दगावला. न्यायाधिकरणानें पहिला मालक व चालक यांस जबाबदार धरलें. उच्च न्यायालयास हें न्याय्य वाटलें नाहीं. ज्यानें गाडी केव्हांच विकली त्यास कां धरावें, असें मानून त्यानें ती जबाबदारी शेवटच्या खरेदीदारांकडे वळविली. सर्वोच्च न्यायालयानें ६ फेब्रुवारी २०१८ रोजीं हा निर्णय फिरवून पहिल्या, म्हणजे नोंदलेल्या मालकावरच जबाबदारी कायम केली. त्याचें कारण विचार करण्याजोगें आहे. अपघातग्रस्तानें, गाडी कोणाकडून कोणाकडे गेली याचा माग काढीत दारोदार फिरावें, अशी अपेक्षा ठेवणें योग्य नव्हे. कायद्यानें मालकाची व्याख्या नोंदणीशीं जोडली ती हा त्रास चुकविण्यासाठींच.

आमच्या मतें हा निर्णय विकणाऱ्यास कठोर असला, तरी न्याय्य आहे. घरचा कमावता गेलेल्या विधवेपेक्षां, एक अर्ज भरून नांव बदलून घेणें हें विकणाऱ्यास कितीतरी सोपें. शिवाय आज विकणारा तोच उद्यां रस्त्यानें पायीं चालणारा असतो. इंग्लंडांत नोंदणीच्या कागदावर ज्याचें नांव असतें तो केवळ गाडी सांभाळणारा मानला जातो, व तो कागद मालकीचा पुरावा नाहीं असें त्यावरच छापलेलें असतें. आपल्या कायद्यानें निराळा मार्ग धरला.

तीस दिवसांच्या मुदतींत तरी विकणारा मोकळा असतो काय, असा प्रश्न निघेल. १४ डिसेंबर २०१८ च्या निकालांत नेमकें हेंच होतें. गाडी ११ सप्टेंबर २००९ रोजीं विकली, अपघात ९ ऑक्टोबर २००९ रोजीं झाला. घेणाऱ्याची मुदत अजून संपलीहि नव्हती. तरीहि त्या दिवशीं दप्तरांत नांव जुन्या मालकाचें, म्हणून मालक तोच, असें न्यायालयानें ठरविलें. तेव्हां मुदतीच्या आंत आहों या भरवशावर राहणें फसवें आहे.

भरपाईची रक्कम वसूल कशी होते, हें जमीन असणाऱ्यांनीं विशेष लक्षांत घ्यावें. न्यायाधिकरणाचा निवाडा झाल्यावर देणेदार रक्कम भरीत नसेल, तर हक्कदाराच्या अर्जावरून न्यायाधिकरण कलम १७४ अन्वयें जिल्हाधिकाऱ्यांकडे दाखला पाठवूं शकतें, व जिल्हाधिकारी ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणें वसूल करतात. थकबाकीच्या वसुलींत जप्ती व लिलाव येतात हें सांगावयास नको. जुनी गाडी फार तर लाख-दीड लाखास जाते. मृत्यूच्या प्रकरणांतील भरपाई त्याच्या कित्येक पट असूं शकते. दावा अपघात झाला त्या ठिकाणच्या, अर्जदार राहतो त्या ठिकाणच्या किंवा प्रतिवादी राहतो त्या ठिकाणच्या न्यायाधिकरणापुढें लावतां येतो. म्हणजे पोलादपूरच्या माणसास पुणें किंवा नागपूर येथेंहि तारखा कराव्या लागूं शकतात.

विमा असला तर हें संकट बहुतांशीं टळतें. कायद्याच्या कलम १५७ प्रमाणें गाडीबरोबर विमापत्रहि नव्या मालकाकडे गेलें असें मानलें जातें. घेणाऱ्यानें १४ दिवसांत विमा कंपनीस अर्ज करून नांव बदलून घ्यावयाचें असतें. पण त्यानें अर्ज केला नाहीं म्हणून जखमी तिऱ्हाइताचा हक्क बुडत नाहीं. यासाठीं विमा चालू असला पाहिजे, हें उघड आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीस तीन वर्षांचा व नव्या दुचाकीस पांच वर्षांचा तिऱ्हाइताचा विमा एकदम घ्यावा लागतो. त्यामुळें नव्या वाहनांपुरती कांहीं सोय झाली. जुन्या गाड्यांचा विमा मात्र दरसाल काढावा लागतो, आणि दोन-तीन हात फिरलेल्या गाडीचा विमा बहुधा तेथेंच तुटतो. विम्याविना गाडी चालविणें हा कलम १९६ खालीं गुन्हा असून पहिल्या वेळीं २००० रुपये व पुन्हां घडल्यास ४००० रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊं शकतात. चालकाजवळ परवाना नसेल तर कंपनी जखमीस आधीं पैसे देऊन मग तेच मालकाकडून वसूल करूं शकते. आणि हा मालक कोण, तें वर आलेंच आहे.

विम्याच्या दोन अंगांत भेद आहे, तो न केल्यानें घेणाराहि फसतो. कलम १५७ चा आधार तिऱ्हाइताच्या भरपाईपुरता. गाडीच्या स्वतःच्या नुकसानाचा विमा हा कंपनी व जुना मालक यांच्यांतील करार असून तो आपोआप घेणाऱ्याकडे जात नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें पूर्वींच ठरविलें. २२ जुलै २०२१ च्या सुमारास सावित्री व गांधारीच्या पुरानें महाड शहर बुडालें तेव्हां असंख्य वाहनें पाण्याखालीं गेलीं. अशा वेळीं जुन्या मालकाच्या विमापत्रावर विसंबलेला नवा खरेदीदार कंपनीकडे गेला, तर ‘आपला आमचा करार नाहीं’ हें उत्तर त्यास मिळण्याचा संभव असतो. आणि विकणारा गेला तर ‘आपण गाडी विकली’ हें. १८ जून २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें एका ट्रकमालकास, नोंदणी त्याच्याच नांवें असल्यानें विमा कंपनीनें त्याची मागणी नाकारणें योग्य नव्हे, असा निकाल दिला. पण तो अपघात नोव्हेंबर २०११ चा. जवळजवळ नऊ वर्षें भांडून मिळालेला न्याय आपल्या खिशास परवडेल काय, हें ज्याचें त्यानें पाहावें.

‘सर्व जबाबदारी घेणाराची’ हें करारनाम्यांतील वाक्य अगदींच निरुपयोगी नाहीं. जुन्या मालकास भरपाई द्यावी लागली, तर १८७२ च्या करार कायद्यानें तो त्या वचनाच्या जोरावर घेणाऱ्याकडे ती रक्कम मागूं शकतो. परंतु तो निराळा दिवाणी दावा होय. आधीं आपण भरावयाचें, मग मागावयाचें. आणि तोंवर घेणारा कोठें असेल व त्याच्याजवळ काय उरलें असेल, हें कोण सांगणार!

आतां करावयाचें काय तें सांगतों. कलम ५० प्रमाणें, गाडी त्याच राज्यांत विकली असेल तर विकणाऱ्यानें १४ दिवसांत व घेणाऱ्यानें ३० दिवसांत नोंदणी अधिकाऱ्यास कळवावयाचें असतें. गाडी गोव्यास किंवा दुसऱ्या राज्यांत गेली तर विकणाऱ्यास ४५ दिवसांची मुदत असून ना-हरकत दाखला लागतो. विक्रीची खबर नमुना २९ वर व हस्तांतराचा अर्ज नमुना ३० वर असतो. महाड व पोलादपूर येथील वाहनांचें दप्तर पेण येथील परिवहन कचेरींत. ज्यांच्या गाडीचा क्रमांक एम.एच. ०६ नें सुरू होतो त्यांची ही कचेरी. हल्लीं पुष्कळसें काम सरकारच्या ‘परिवहन’ संकेतस्थळावरून होतें, त्यामुळें पेणची फेरी दर वेळीं पडतेच असें नाहीं. बँकेचें कर्ज असेल तर सातबारावरील बोज्याप्रमाणेंच नोंदणी पुस्तकावरहि बोजा असतो. तो बँकेच्या दाखल्यासह नमुना ३५ वर उतरवून घेतल्याशिवाय नांव बदलत नाहीं. पुष्कळ व्यवहार याच अडचणीवर अर्धवट राहतात. कर्ज फेडण्यापूर्वींच गाडी ‘चालू हप्त्यांवर’ दुसऱ्यास देण्याची पद्धति तर सर्वांत धोक्याची: हप्ते दुसरा भरतो, दप्तरांत नांव आपलें, आणि बँकेवर अपघाताची जबाबदारी मुळींच नाहीं, कारण कर्जाऊ गाडीच्या बाबतींत करारानें ताबा ज्याचा तो मालक, असेंच व्याख्येंत म्हटलें आहे.

नुसत्या कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून ते घेणाऱ्याच्या किंवा दलालाच्या हातीं देण्याची चाल आपल्याकडे सरसकट आहे. ती सोडावी. अर्ज दाखल होईल तेव्हां आपण समक्ष असावें, पोंच आपल्याजवळ ठेवावी, व शक्य तर अर्ज दाखल झाल्यावरच किल्ली द्यावी. नंतर महिनाभरानें दप्तरांत नांव बदललें कीं नाहीं, हें पाहावें. नांव बदलेपर्यंत विमा तुटूं देऊं नये; घेणारा हप्ता भरीत नसेल तर प्रसंगीं आपण भरावा, तो गाडीच्या किंमतींत धरून चालावें. ताबा देतांना तारखेबरोबर वेळहि लिहून सही घ्यावी, कारण फौजदारी चौकशींत त्या दिवशीं गाडी कोणाजवळ होती हें दाखविण्यास ती उपयोगी पडते.

दलालामार्फत विक्री करणाऱ्यांस १ एप्रिल २०२३ पासून एक नवी वाट मिळाली आहे. परिवहन अधिकाऱ्याकडून अधिकारपत्र घेतलेल्या जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यास गाडी दिली, व ती दिल्याची खबर नमुना २९-सी वर सरकारी संकेतस्थळावरून दिली, तर पुढील गिऱ्हाइक मिळेपर्यंत तो व्यापारीच मालक मानला जातो. मात्र अधिकारपत्र नसलेल्या दलालास हें लागू नाहीं. तेव्हां तें पाहण्यास मागावें, त्यांत भीड धरूं नये.

ट्रॅक्टरबद्दल दोन शब्द. ट्रॅक्टर शेतीचा असला तरी त्यास नोंदणी व विमा लागतो, आणि ट्रॉलीची नोंदणी स्वतंत्र असते. ट्रॅक्टर विकतांना ट्रॉलीचें नांव बदलण्याचें राहून जातें, हा नेहमींचा प्रकार. ट्रॉलींतून मजूर नेणें हा तर विम्याच्या अटींबाहेरचा वापर होतो, व तो एक निराळाच विषय आहे.

राहिला वारसांचा प्रश्न. वडील वारल्यावर सातबारावर वारसनोंद करण्यास आपण तलाठ्याकडे जातों, पण त्यांची मोटारसायकल वर्षानुवर्षें त्यांच्याच नांवावर धांवत असते. नियमाप्रमाणें मृत्यूपासून ३० दिवसांत नोंदणी अधिकाऱ्यास मृत्यूची व गाडी वापरण्याच्या इराद्याची खबर दिली, तर वारसास ती तीन महिने वापरतां येते, आणि त्या अवधींत नमुना ३१ वर नांव बदलण्याचा अर्ज करावयाचा असतो. घरांत भाऊ तीन असतील तर गाडी कोणाच्या नांवें करावयाची हें दिवसकार्य आटोपतांच ठरवून इतरांची लेखी संमति घ्यावी. कचेरींत ती मागतातच, आणि जितका काळ लोटेल तितक्या सह्या मिळविणें अवघड होत जातें. एक भाऊ मुंबईस, एक सुरतेस, असें आपल्याकडे घरोघरीं आहे.